हॅवलॉक की देवबाग? लॅपटॉप घेऊन समुद्राकाठी राहायचं तर

दोन्हीकडे राहून झालंय. फिरायला नाही, लॅपटॉप उघडून, पुण्यातल्या टीमबरोबर रोजचं काम करत. त्यामुळे पाणी किती निळं आणि वाळू किती पांढरी हे सांगत बसत नाही, ते तुम्ही व्हिडिओत बघितलेलंच असणार. हॅवलॉक म्हणजे अंदमानातलं बेट, कागदोपत्री नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, पण तिथले रिक्षावाले पण हॅवलॉकच म्हणतात. आणि देवबाग म्हणजे मालवणच्या खाली, तारकर्लीच्या पुढे, एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे जमिनीची एक चिंचोळी पट्टी, बेट नाही पण जवळपास बेटच, फक्त घरापर्यंत एसटी येते. हा शेवटचा मुद्दा तुम्हाला आत्ता किरकोळ वाटेल.

इंटरनेटबद्दल सगळे आधी विचारतात म्हणून ते आधी उरकतो. अंदमानचं इंटरनेट एकेकाळी उपग्रहावर चालायचं आणि त्याबद्दल लोक रडायचे ते खरं होतं, पण ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली, साधारण २,३०० किलोमीटरची, आणि तिची एक फांदी हॅवलॉकलाही गेली. व्हिडिओ कॉल मला तिथे व्यवस्थित झाले. देवबागला गावातला केबलवाला फायबर देतो, वायर खांबावरून, माडावरून, कोणाच्या तरी पडवीवरून येते, आणि माडाचं चुडत पडलं की तुटते. मग त्याला फोन करायचा, तो येतो, शिडी लावतो, जोडतो. मला तरी स्पीडमध्ये सांगण्यासारखा फरक जाणवला नाही. इंटरनेटवरून निर्णय घेऊ नका एवढंच.

लाईट मात्र वेगळा विषय आहे, आणि इथे कोकण मार खातं हे कबूल करायला हवं. हॅवलॉकवर वीज मुख्यतः डिझेल जनरेटरची, जाते, पण गेस्टहाऊसवाल्यांना सवय असते, त्यांचा छोटा जनरेटर लगेच सुरू होतो. देवबागला जून लागला की लाईट जाते आणि कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. माझ्या घरमालकीणबाईंना, मी त्यांना वहिनी म्हणतो, सुरुवातीला दर वेळी विचारायचो की वहिनी, कधी येईल, तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "येतली ओ, खंय जातली?" मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा इथल्या कित्येक वाड्या दिवसच्या दिवस अंधारात होत्या, आणि लाईट नाही म्हणजे थोड्या वेळाने मोबाईलचा टॉवर पण नाही. इन्व्हर्टर घ्याच, आणि मोठ्या बॅटरीचा घ्या. मी घेतला, त्यानंतर या विषयावर माझी झोप उडालेली नाही, पण पहिला पावसाळा इन्व्हर्टरशिवाय काढणार असाल तर तुमच्या मॅनेजरला आधीच काहीतरी कारण सांगून ठेवा.

आता जाण्यायेण्याचं. हॅवलॉकला पोचायचं तर मुंबईहून विमान, बहुतेक वेळा चेन्नई नाहीतर कोलकात्यात बदलून, मग पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), मग दीड-दोन तासांची बोट, सरकारी असेल तर आणखी जास्त. हवा बिघडली की बोटी बंद. डिसेंबर २०१६ मध्ये वादळामुळे हॅवलॉक आणि शेजारच्या नील बेटावर हजारावर पर्यटक अडकले होते, शेवटी नौदलाच्या बोटी पाठवाव्या लागल्या. रोज असं होत नाही हो, पण घरी म्हातारे आईवडील असले की बोटी बंदची पाटी बघून पोटात गोळा येतो, कारण काही झालं तर तुम्ही निघूच शकत नाही. देवबागहून मी संध्याकाळी कुडाळला कोकणकन्या पकडतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ठाण्यात असतो. गणपतीत तिकीट मिळत नाही, आरक्षण उघडल्या उघडल्या संपतं, ते सगळ्यांना माहितीय. पण अगदीच अडलं तर मालवणहून रात्रीची बस असते, महामार्गाची रायगडातली दशा कितीही असली तरी माणूस हाडं मोजत का होईना पोचतो.

पण माझा निर्णय यातल्या कशावरच झाला नाही. झाला तो सूर्यावर.

ऐकायला विचित्र वाटेल. भारतात घड्याळ एकच, ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं, मिर्झापूरजवळून जाणारं. अंदमान ९२-९३ वर, आपलं मालवण ७३ च्या जरा पुढे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे दोन्हीकडच्या सूर्यात सव्वा तासाचा फरक, घड्याळ मात्र तेच. डिसेंबरच्या सुरुवातीला हॅवलॉकला पाचच्या आत सूर्य मावळतो. उन्हाळ्यात दिवस मोठा झाला तरी पावणेसहाच्या आसपास संपलं. आणि आपलं ऑफिस सकाळी दहा ते संध्याकाळी सात, पुण्याच्या हिशोबाने. म्हणजे काय होतं, साडेचारला तुमचा रिव्ह्यू कॉल चालू असतो, कोणीतरी स्क्रीन शेअर करून एक्सेल दाखवतंय, खिडकीबाहेर उजेड पिवळा होतोय, मग गुलाबी, मग तुम्ही म्यूट काढून "हो, माझ्या बाजूने झालंय" म्हणेपर्यंत बाहेर काळोख. सात वाजता लॅपटॉप मिटवला तर रात्रच. समुद्राचा नुसता आवाज येतोय. तेवढ्यासाठी कशाला इतक्या लांब जायचं, पंख्याखाली बसून समुद्राच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं तरी चाललं असतं ना.

त्यात राहायच्या बऱ्याचशा जागा गोविंदनगर-विजयनगरच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला. सूर्यास्त बघायचा तर राधानगर, बेटाच्या दुसऱ्या टोकाला, जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर. म्हणजे हाफ डे टाकून जायचं, आणि अंधार पडायला लागला की तिथले गार्ड शिट्ट्या मारून सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात (मगरींचा भाग आहे, ते बरोबरच करतात). मी आठवडेच्या आठवडे असे काढले की समुद्र फक्त शनिवार-रविवारी उजेडात दिसला. चिडचिड व्हायला लागली, आणि ती कशाची हे सुरुवातीला कळेना, कारण तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं, नेट चालू, खोली छान, जेवण बरं.

देवबागला डिसेंबरात सूर्य सहाला मावळतो आणि जूनमध्ये सात वाजून गेलेले असतात. आणि समुद्र पश्चिमेलाच. फेब्रुवारी ते मे, शेवटचा कॉल जरा लवकर आटपला की चप्पल काढून वाळूत, दोन मिनिटांत. कधी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतात तर दोरीला हात लावायचा, तुमचा उपयोग शून्य असतो पण कोणी नको म्हणत नाही, वर चार तारल्या (मासे) पिशवीत पडतात. अमेरिकेचा कॉल असेल तर तो साडेसातनंतर, मधे अंघोळ करून चहा पिऊन परत बसता येतं. दिवसाला मधोमध एक फट मिळते. नोव्हेंबर-डिसेंबर-जानेवारीत इथेही ओढाताण होते, खोटं कशाला बोलू, पण तेव्हा मी सव्वापाच ते सहा कॅलेंडर ब्लॉक करून ठेवतो आणि कोणाला काही कळत नाही. हॅवलॉकला हेच करायचं तर दुपारी चारलाच ब्लॉक टाकावा लागतो, आणि चारला गायब झालेला माणूस लोकांच्या डोळ्यावर येतो.

आता याची दुसरी बाजू. तुम्ही पहाटे उठणारे असाल तर हे सगळं उलटं वाचा. हॅवलॉकला साडेपाचला उजाडलेलं असतं, म्हणजे ऑफिसच्या आधी हातात चार-साडेचार तास. माझ्या शेजारच्या खोलीतली बंगलोरची मुलगी सकाळी डायव्हिंग करून यायची आणि दहाच्या स्टँडअपला ओल्या केसांनी बसायची, तिच्याइतकं खूश माणूस मी बघितलं नाही. आणि डायव्हिंगमध्ये तुलनाच नाही, मालवणला किल्ल्याजवळ स्कूबा होतं, मजा येते, पण पाणी गढूळसर, अंदमानचं पाणी ते अंदमानचं पाणी. तसंच कंपनी सात ते चारची शिफ्ट देत असेल तर हॅवलॉक मस्तच. मला सकाळी आठच्या आधी कोणी हाक मारलेली चालत नाही, त्यामुळे माझं मत त्या चष्म्यातून आलंय हे धरून चाला.

खाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण इथे मी अजिबात तटस्थ नाही. हॅवलॉकवर वस्ती बहुतेक बंगाली, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना पन्नासच्या दशकात तिथे वसवलं, त्यामुळे मासे-भात उत्तम आणि माणसं प्रेमळ. पण भाजी बरीचशी बोटीने येते, बोट चुकली की बाजारात बटाटे आणि भोपळा. माझं मूळ घाटावरचं, मासे मी कोकणातच शिकलो, आता बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ नसलं तर मला कळतं, यावरून काय ते समजा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सुकट, सुके बांगडे आणि वहिनींचे घावणे यावर दिवस निघतात, आणि खरं सांगायचं तर वाईट निघत नाहीत.

भाड्याचं देवबागला एक त्रासदायक प्रकरण आहे ते लक्षात ठेवा. ऑफ सीझनला महिन्याच्या हिशोबाने खोली छान मिळते, आणि मग नाताळ आला की मालक डोकं खाजवत येतो, "ता आठ दिवस जरा ॲडजस्ट करशात काय?" कारण त्या आठ दिवसांत त्याचं महिन्याचं भाडं सुटतं, त्याचंही चूक नाही. मे महिन्यातही तेच. त्यात डिसेंबरला वॉटरस्पोर्ट्सचा गोंगाट, संगमाच्या बाजूला राहिलात तर जेट स्कीचा आवाज थेट मीटिंगमध्ये. म्हणून घर घेताना किनाऱ्याला लागून नको, खाडीच्या अंगाला जरा आत, माडांच्या मागे बघा. चालत समुद्र पाच मिनिटं लांब गेला तर काही बिघडत नाही. हॅवलॉकला गर्दी असते पण ती ऑक्टोबर ते मे अशी पसरलेली, आणि महिन्याचा रेट ठरवताना ते आधीच स्पष्ट सांगतात.

आजारी पडलात तर? हॅवलॉकला प्राथमिक उपचार होतात, पुढचं सगळं बोटीने पोर्ट ब्लेअर. इथे मालवणला ग्रामीण रुग्णालय, ओरोसला जिल्ह्याचं, आणि मोठं काही असलं की अख्खा सिंधुदुर्ग गोव्याला बांबोळीला जातो, दोन-तीन तास, पण रस्त्याने. तिथे मगर तर इथे फुरसं हा विषारी साप, रात्री बॅटरी घेतल्याशिवाय आणि चपला झटकल्याशिवाय बाहेर पडू नका. डास दोन्हीकडे, वाळूतल्या माश्या हॅवलॉकला जास्त, माझे पाय अजून डागाळलेले आहेत.

पावसाचा हिशोब पण करा. अंदमानला दोन्ही मोसमी वारे लागतात, मे पासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत तो येत-जात राहतो. कोकणात चार महिने, पण ते चार महिने मन लावून. कपडे वाळत नाहीत, लॅपटॉपच्या बॅगेला बुरशी येते, समुद्राकडे बघवत नाही इतका खवळलेला. ज्यांना एकटेपणाचा त्रास होतो त्यांनी जुलै-ऑगस्ट मुंबई-पुण्यात काढावा हे माझं प्रामाणिक मत. मी थांबतो, कारण तेव्हा गावात पर्यटक नसतात आणि खळ्यात बसून गप्पा मारायला लोकांकडे वेळ असतो.

अजून ठरत नसेल तर दोन आठवडे सुट्टी घालून नका बघू, सुट्टीत दोन्हीकडे स्वर्गच वाटतो. कामाचा पूर्ण आठवडा, सगळ्या मीटिंगसकट, तिथे करून बघा आणि सोमवार ते शुक्रवार समुद्र किती वेळ उजेडात दिसला ते लिहून ठेवा. देवबागला यायचं तर गणपती आटोपल्यावर या, तेव्हा पाऊस ओसरत असतो, सीझन सुरू झालेला नसतो आणि मालक बोलायच्या मूडमध्ये असतो. त्याला तीन गोष्टी तोंडावर विचारा: राऊटर इन्व्हर्टरवर आहे का, नाताळात खोली सोडावी लागेल का, आणि विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं का. तिसऱ्या प्रश्नावर तो हसला तर पिण्याच्या पाण्याचे कॅन कोण आणून देतो तेही तिथेच विचारून घ्या.