रस-ऑम्लेटचा गाडा: कोंबडीची ऍलर्जी असेल तर

पणजीत दिवेलागणीला लागणारा हा गाडा चवीला उत्तम. रस दाट, खोबरं खमंग भाजलेलं, पाव ताजा. पण ज्यांना कोंबडीचं मांस बाधतं त्यांची इतकी सहज फसगत करणारी बशी गोव्यात दुसरी नसेल. नाव ऑम्लेटचं, आणि वर ओततात तो रस कोंबडीच्या शागुतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्यातल्या गोवन कालवणाचा.

‘तुकडे नकोत, नुसता रस घाला’ हा उपाय मुळीच धरू नका. शिजताना मांसातली प्रथिनं रसात उतरतात. त्यातली मायोसिन लाइट चेन आणि पार्वाल्ब्युमिन उकळूनही टिकतात, आणि खऱ्या मांस-ऍलर्जीत शरीर याच प्रथिनांवर उठतं. पार्वाल्ब्युमिन माशांतही असतं, त्यामुळे अशा काहींना मासेही बाधतात. रोज नुस्त्याचं (माशांचं) जेवण असलेल्या घरात हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

चण्याचा रस इथे वेगळ्या टोपात असतो, त्यात मांस नाही. घोटाळा डावाचा आहे. एकच डाव दोन्ही टोपांत फिरतो, तवा फडक्याने नुसता पुसतात आणि कालथाही तोच. विचारलं की मालक हे सरळ सांगतो, याचं आम्हाला मोल वाटतं. डाव वेगळा ठेवायला खर्च तो कितीसा? तोवर चण्याचा रसही सुरक्षित धरता येत नाही.

ऍलर्जीचा दुसरा प्रकार पक्ष्यांच्या पिसांतून येतो. पाळलेल्या पोपटाच्या किंवा लव्हबर्डच्या पिसांची धूळ श्वासात जाते, आणि पुढे अंड्याचा पिवळा बलक किंवा कोंबडी खाल्ली की ओठ सुजतात, तोंडाला खाज सुटते. इथे दोष सीरम अल्ब्युमिन या पक्ष्याच्या रक्तातल्या प्रथिनाचा. ते उष्णतेने बरंच मोडतं, म्हणून पूर्ण शिजलेलं अंडं काहींना चालतं, ओलसर बलक मात्र नाही. गाड्यावरचं ऑम्लेट आत ओलं राहतं. सांगितलं तर दोन्ही बाजूंनी भाजून देतात. फक्त अंड्याच्या पांढऱ्याची ऍलर्जी असेल तर मांस सहसा चालतं, ऑम्लेट नाही.

आपला प्रकार कोणता, हे ऍलर्जीतज्ज्ञाकडे स्किन प्रिक टेस्ट (त्वचेवर टोचून केलेली) आणि आयजीई (ऍलर्जीच्या प्रतिपिंडांच्या रक्त-) तपासणीतून कळतं. बलक आणि मांस, दोन्हींची तपासणी मागा. टेस्टआधी काही दिवस अँटीहिस्टामिन (ऍलर्जीची गोळी) बंद ठेवावं लागतं, नाहीतर गांध उठतच नाही. नाताळात कोंबडीऐवजी टर्की किंवा बदक खाऊन पाहू नका, प्रथिनं फार मिळतीजुळती असतात.

चव ५ पैकी ४, सुरक्षितता १.

खाल्ल्यावर श्वास घुसमटला किंवा भोवळ आली तर गोळी घेऊन वाट पाहू नका. डॉक्टरांनी दिलेलं ॲड्रेनालिन मांडीच्या बाहेरच्या स्नायूत टोचा (किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्यांना जास्तीत जास्त ०.५), रुग्णाला उभं करू नका आणि १०८ ला फोन करा.