पवई तलावाचा गाळ: पोकलेन की तरंगता ड्रेजर?

मुंबईतल्या पवई तलावाचा गाळ कशाने काढायचा, ते उदाहरण घेऊन बघू. पूर्ण तलाव नको, नाल्याच्या तोंडाजवळचा 1 हेक्टर कोपरा घेऊ. अर्धा मीटर गाळ म्हणजे 5,000 घनमीटर.

पोकलेनचा मार्ग ओळखीचा: मातीचा बांध घालायचा, पाणी उपसायचं, तळ वाळू द्यायचा, मग खोदायचं. किती गाळ निघाला ते डोळ्यांना दिसतं, मोजमापावरून वाद कमी होतात. 10 घनमीटरच्या डंपरने 500 खेपा होतात, तेवढी वाहतूक रस्त्याला झेपते का हे आधी बघा. पण सगळं पावसाळ्याआधी उरकावं लागतं. आणि 1891 साली बांधलेल्या या तलावात मगरी आहेत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. मार्च ते जून हा मगरींच्या अंडी-पिल्लांचा काळ, नेमका आपल्याला काठ उकरायला सोयीचा. मला हा मुद्दा सगळ्यात जड वाटतो.

तरंगत्या ड्रेजरला तलाव रिकामा करावा लागत नाही. पंप गाळ ओढून पाइपने काठावर आणतो. अडचण तिथे सुरू होते: मूळ गाळाच्या कितीतरी पट पातळ रबडी येते. ती जिओट्यूबच्या, म्हणजे पाणी झिरपू देणाऱ्या जाड कापडाच्या, पिशव्यांत निथळायला मोकळी जागा हवी, निथळलेलं पाणी तपासूनच परत सोडायचं. जलपर्णीची मुळं आणि प्लॅस्टिक पंपात अडकतं, म्हणून आधी जलपर्णी काढणं आलंच.

काठावर जागा मिळत असेल तर माझं मत ड्रेजरला. नसेल तर पोकलेन, पण विणीचा काळ टाळून आणि वनविभागाला विचारून. नाल्याचं सांडपाणी मात्र कुठल्याही पर्यायाआधी वळवा.