गोधडीची पाठ: जुनी साडी, चादर की ताग्यातलं कापड?

मे महिन्यात शेजारच्या वहिनी ठिगळं जोडून तयार झालेली गोधडी घेऊन आल्या. पाच फूट बाय साडेसात फूट, म्हणजे ६० बाय ९० इंच. पुढची बाजू झकास झाली होती, आता प्रश्न मागच्या बाजूचा. घरात सासूबाईंची मऊ झालेली सुती पाचवारी होती, डबल बेडची एक कोरी चादर होती, नाहीतर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाऊन ताग्यातलं कापड आणायचं. "तू सांग गो, काय लावू?"

आपल्याकडे गोव्यात पाऊस इंचात मोजतात आणि शंभरी गाठली की पेपरात बातमी येते. त्या चार महिन्यांत गोधडी भिजवू नये हे खरं, पण घरात लहान मूल असलं की ती भिजतेच. दोन दिवस दोरीवर लटकून अर्धवट ओली राहिलेली गोधडी कपाटात गेली की तिला वास येतो, मग काळे ठिपके. म्हणून पाठीचं कापड हातात घेतलं की मी आधी एवढंच बघते: हे वाळणार कधी?

आता माप. पाठ पुढच्या बाजूपेक्षा चारी बाजूंनी तीन-तीन इंच मोठी हवी, कारण टाके घालताना कापड आत ओढलं जातं. म्हणजे आपल्याला ६६ बाय ९६ इंच पाहिजे.

जुन्या साडीपासून सुरू करते, कारण माझा कल तिकडेच आहे. साडेपाच मीटरची पाचवारी म्हणजे साधारण २१६ इंच. त्यातून ९६ इंचांचे दोन तुकडे निघतात आणि पदराचा हातभर तुकडा उरतो. नऊवारी असेल तर तीन तुकडे. तिसरा मधल्या थरात घालायचा. वर्षानुवर्षं धुतलेली साडी आटायची तेवढी आटलेली असते, तिचा कच्चा रंग निघून गेलेला असतो आणि सुई आरपार जाताना बोटाला जाणवतही नाही. पातळ असल्याने उन्हाची एक तिरीप मिळाली तरी वाळते. खोट एकच, ती किती विरलीय ते घडीवर कळत नाही. उजेडासमोर धरा. बसण्याच्या आणि गुडघ्याच्या जागी जाळी दिसते. तिथे दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड आडवं ओढा. चर्र आवाज आला तर ती साडी पाठीला नको, मधल्या थरात चालेल.

साडीची पाठ ही काही काटकसरीपुरती गोष्ट नाही. उत्तर कन्नडातल्या यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तिची पाठ बहुधा सुती साडीचीच. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज त्यांच्यात आहेत. त्यांची रीत उलटी: आधी पाठ पसरायची, मग कडेपासून ठिगळं लावत आणि धावदोरा घालत मध्याकडे यायचं. तिथे पाठ हाच पाया असतो.

चादरीचा मोह मला कळतो. ९० बाय १०० इंचांचं अखंड कापड, मध्ये जोड नाही. पण पहिल्या धुण्यात ती शंभराला तीन इंच आटली तर ९७ उरतात, आपल्याला हवेत ९६. म्हणजे आधी न धुता शिवायची सोयच नाही. दुसरं म्हणजे वीण. मी एकदा भारी, गुळगुळीत चादर लावून हाताने टाके घालायला बसले. तिसऱ्या ओळीला सुई पक्कडीने ओढावी लागली, पाचव्या ओळीला ती मोडली. मशीनवर हीच चादर निमूट शिवली गेली असती. 'शुद्ध कॉटन' या चिठ्ठीवरही जाऊ नका. कडेचा एक धागा काढून जाळा: सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख चिमटीत विरते, पॉलिस्टर वितळून त्याची टणक गाठ होते. गाठ झाली तर ती चादर पलंगावरच बरी. तसली पाठ घाम शोषत नाही आणि अंगावरून घसरत राहते.

ताग्यातलं कापड घेताना आधी पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ४४ इंची पन्ना असेल तर ९६ इंचांचे दोन उभे तुकडे, म्हणजे पाच मीटर. ५८ इंची मिळालं तर ६६ इंचांचे दोन आडवे तुकडे पुरतात, साडेतीन मीटरच्या आत काम होतं. दोन्हीकडे आटण्यासाठी पाव-अर्धा मीटर जास्त घ्या. मांजरपाट स्वस्त पडतो, पण खळ भरपूर असते. रात्रभर भिजत घातल्याशिवाय कात्री लावू नका. पॉपलीन चांगलं. साध्या रंगावर प्रत्येक वाकडा टाका दिसतो, बारीक छापात लपतो. गडद पाठ पांढऱ्या ठिगळांतून पुढे डोकावते. लाल चौकड्यांचं कुणबी कापड मला फार आवडतं, पण ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग लागतो का ते बघूनच. फ्लॅनेल सत्तरी तालुक्यातल्या डिसेंबरच्या पहाटेला ठीक, पावसात ते ओल धरून बसतं.

वहिनी हातानेच शिवणार होत्या, म्हणून मी साडी म्हटलं. मशीन असतं तर चादर चालली असती, आणि कुणाच्या लग्नात द्यायची असती तर नवं कापड.

जोड मात्र मधोमध घेऊ दिला नाही, कारण घडी नेमकी तिथेच पडते आणि शिवण लवकर उसवते. आधी काठ कापून टाकले. त्यांची वीण घट्ट, धुतल्यावर ते वेगळे आटतात आणि शिवणीला चुण्या पडतात. एक तुकडा ४२ इंचांचा अख्खा मध्ये ठेवला, दुसऱ्यातून १३ इंचांच्या दोन पट्ट्या काढून दोन्ही बाजूंना लावल्या. अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेला आणि बरोबर ६६ भरले. शिवणी उघडून इस्त्री केली. मग पाठ उलटी करून फरशीवर चिकटपट्टीने ताठ बसवली. ताठ, ताणून नव्हे. ताणलेलं कापड सोडल्यावर आखडतं. वर मधला थर, वर ठिगळं, आणि मुठीमुठीच्या अंतरावर सेफ्टी पिना. दुसऱ्या तुकड्याची १६ इंची पट्टी उरली होती, त्यातून कडेला लावायची मगजी निघाली. कापलेले काठ वहिनींनी गुंडाळून ठेवलेत, उशीच्या अभ्र्याला लावायचे म्हणतात.