ग्योंगबोकगुंग की छांगदोकगुंग? सोलमधील दोन राजवाड्यांचा तुलनात्मक आढावा

सोल शहरात कोरियावर पाच शतके राज्य करणाऱ्या जोसॉन राजघराण्याचे पाच राजवाडे आहेत, पण हाताशी एकच मोकळा दिवस असला की निवड बहुधा ग्योंगबोकगुंग आणि छांगदोकगुंग या दोहोंतच करावी लागते. मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेवर दोघांची स्थानके लागोपाठ येतात आणि मूळ प्रवेशशुल्कही सारखेच, साधारण 3000 वॉन आहे. त्यामुळे अंतर किंवा खर्च यावरून निर्णय करण्याची गरज नाही; आपल्याला काय पाहण्याची ओढ आहे, यावर तो करावा.

ग्योंगबोकगुंग 1395 मध्ये नव्या जोसॉन राजवटीचा मुख्य राजवाडा म्हणून उभा राहिला आणि त्याची रचनाही सत्ता ठसवण्यासाठीच केलेली आहे. ग्वांगह्वामुन या महाद्वारापासून प्रवेशद्वारे एका सरळ रेषेत येतात आणि पाठीशी बुगाकसान डोंगर घेऊन उभे असलेले ग्युनजोंगजोन हे सिंहासनगृह समोर उलगडत जाते. त्याच्या फरसबंद प्रांगणात दोन्ही बाजूंना लहान दगडी खांब रोवलेले आहेत. कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने कुठे उभे राहायचे, ते त्यांवर कोरलेले आहे. पश्चिमेच्या तळ्यातील ग्योंगहेरू हा मेजवान्यांचा मंडप 48 दगडी खांबांवर उभा आहे. मात्र येथे एक गोष्ट मनात पक्की ठेवून जावे. 1592 च्या जपानी आक्रमणाच्या वेळी हा राजवाडा जळाला, 1867 मध्ये पुन्हा बांधला गेला आणि विसाव्या शतकात जपानी वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी त्यातील बहुतेक इमारती पाडून सिंहासनगृहाच्या ऐन समोर आपले सचिवालय उभारले. ते सचिवालय 1990 च्या दशकात पाडण्यात आले, आणि आज दिसणारा बराचसा भाग 1990 पासून सुरू असलेल्या पुनर्बांधणीतला आहे. त्यामुळे त्याचे मोल कमी होते असे मला वाटत नाही. पुसून टाकलेली वास्तू एखादा समाज इतक्या चिकाटीने पुन्हा उभी करतो, हे स्वतः पाहण्यासारखे आहे.

जुने लाकूड, जुना दगड आणि बाग यांची ओढ असणाऱ्याने मात्र छांगदोकगुंगकडे वळावे. 1405 चा हा राजवाडाही 1592 मध्ये जळाला, परंतु तो लवकर पुन्हा बांधला गेला आणि पुढे अडीच शतकांहून अधिक काळ राज्यकारभार प्रामुख्याने येथूनच चालला. 1997 मध्ये त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. येथे सरळ रेषेचा आग्रह नाही: दोनह्वामुन या दरवाजातून आत गेल्यावर उजवीकडे वळून 1411 चा दगडी पूल ओलांडावा लागतो, मग पुन्हा डावीकडे वळल्यावर सिंहासनगृहाकडे जाता येते, कारण इमारती टेकडीच्या उतारानुसार बसवल्या आहेत. दोन्ही राजवाड्यांचे नशीबही एकमेकांत गुंतलेले आहे. 1917 च्या आगीत छांगदोकगुंगमधील राणीचा महाल जळाला, तेव्हा तो नव्याने बांधण्यासाठी ग्योंगबोकगुंगमधले महाल मोडून त्यांचे बांधकामाचे सामान येथे आणले गेले. 1847 चे नाकसोनजे हे निवासस्थानही चुकवू नये. त्याच्या लाकडाला रंगच दिलेला नाही आणि खिडक्यांच्या जाळ्यांचे नमुने जागोजागी वेगळे आहेत.

खरे आकर्षण आहे ते मागील बागेचे, म्हणजे हुवोनचे. बुयोंगजी हे तेथील तळे चौकोनी असून मध्ये गोल बेट आहे, कारण आकाश गोल आणि पृथ्वी चौकोनी अशी जुनी धारणा होती. काठावरच्या मंडपाचे दोन दगडी पाय थेट पाण्यात उतरलेले आहेत. समोरच्या चढावर 1776 मध्ये राजा जोंगजो याने ग्रंथालय बांधले. त्याकडे नेणाऱ्या दरवाजाचे नाव ‘मासा आणि पाणी’ असे आहे. पाण्याविना मासा जगत नाही, तसे राजा व प्रजा यांचे नाते, असा त्याचा आशय. मधला दरवाजा राजासाठी होता आणि बाजूचे दोन इतके बुटके आहेत की दरबाऱ्याला वाकूनच आत जावे लागे. ग्योंगबोकगुंगमध्ये राणीमहालामागे पायऱ्यापायऱ्यांची छोटी बाग व नक्षीदार विटांची धुराडी आहेत आणि ती सुंदरच आहेत, पण हुवोनशी त्यांची बरोबरी होत नाही.

हुवोनसाठी सुमारे 5000 वॉनचे वेगळे तिकीट लागते आणि वेळ ठरवून जावे लागते. शरद ऋतूत ही तिकिटे झटकन संपतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ऑनलाइन आरक्षण सुरू होताच ते करावे. पानांचे रंग त्याच सुमारास उत्तम असतात. बागेत चढउतार बराच आहे. सोबत गुडघेदुखीचे ज्येष्ठ असतील, तर ग्योंगबोकगुंगची सपाट प्रांगणे त्यांना सोयीची पडतील, मात्र तेथे सावली कमी असल्याने उन्हाळ्यात सकाळीच जावे.

माझे मत असे: हुवोनचे तिकीट हाती असेल तर छांगदोकगुंग निवडावा, नसेल तर ग्योंगबोकगुंग. दोन्ही पाहणे शक्य असल्यास आधी ग्योंगबोकगुंग पाहावा, म्हणजे दुसऱ्याच्या रचनेतला मोकळेपणा चटकन ध्यानात येतो. ग्योंगबोकगुंग मंगळवारी आणि छांगदोकगुंग सोमवारी बंद असतो, हे दिवस ठरवतानाच पाहून घ्यावे.