पेंटॅक्स के-१०००: लाइट सील घरी बदलले, काही महिन्यांनंतरचा अनुभव

१९७६ ते १९९७ अशी एवढी वर्षं बनत राहिलेला हा कॅमेरा. शटर पूर्ण यांत्रिक, सेल लागतो तो फक्त लाइट मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या भागाला. घरी दुरुस्तीला घ्यायला यापेक्षा बरा एसएलआर (लेन्समधलं दृश्य आरशातून दाखवणारा कॅमेरा) मला तरी माहीत नाही.

माझ्याकडे आला तेव्हा शटर खटाखट चालत होतं, मीटरची सुईही हलत होती; पण रोल धुऊन आला की फोटोंवर नारिंगी पट्टे. कारण मागच्या दाराचा फोम, म्हणजेच लाइट सील. जुना झाला की तो डांबरासारखा चिकट होतो, झडतो आणि फटीतून उजेड आत शिरतो. निगेटिव्ह बघितली की कळतं: डाग फ्रेमबाहेर, कडेच्या भोकांपर्यंत गेला असेल तर उजेड दारातून आलाय, फ्रेमच्या आतच थांबला असेल तर संशय शटरच्या पडद्यावर. माझे डाग थेट भोकांपर्यंत होते. रंग नारिंगी, कारण मागून येणारा उजेड फिल्मच्या लाल रंग टिपणाऱ्या थरावर आधी पडतो.

जुना फोम काढणं हेच खरं काम. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी खाचेत फिरवायची, जरा थांबायचं, मग टूथपिकने खरवडायचं. धातूचं टोक अजिबात नको. कॅमेरा पालथा धरा, म्हणजे कण शटरवर न पडता खाली पडतात. काळा चिखल निघत राहतो, कापूस स्वच्छ येईपर्यंत सोडायचं नाही. मग नव्या फोमच्या पट्ट्या: खाचांना अरुंद, बिजागरीच्या बाजूला रुंद. चिकट बाजूला अल्कोहोलचं बोट लावलं की पट्टी लगेच धरत नाही, हवी तशी सरकवता येते. फोम फार जाड घेऊ नका, दार नीट लागत नाही. आरसा उचलला की ज्यावर आपटतो, तो आरशाच्या वरचा फोमही बदलला. तिथे मात्र फार जपून, कारण आरशाचा चकाकता थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो आणि नुसत्या पुसण्यानेही ओरखडे पडतात.

तेव्हापासून भर उन्हात गळ्यात अडकवून फिरलोय, एकाही रोलवर पट्टा नाही. आरशाचा आवाजही मऊ झालाय, याचा आनंद मला पट्टे गेल्याइतकाच आहे. बिजागरीच्या पट्टीचं एक टोक मध्यंतरी सुटलं होतं, पुन्हा दाबून बसवलं, तेव्हापासून जागेवर आहे. दर रोल बदलताना तेवढं बघतो.

मीटरला बंद करायचं बटण नाही, त्यामुळे लेन्सवर झाकण ठेवायची सवय हवी, नाहीतर सेल उतरत राहतो. मी एसआर४४ वापरतो. सिल्व्हर ऑक्साइड सेलचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास स्थिर राहतो, मीटरवर भरवसा ठेवता येतो.

शटरचा एक सेकंदाचा स्पीड मात्र अजून रेंगाळतो. मोबाइलच्या स्लो मोशन व्हिडिओत ते स्पष्ट दिसतं. त्याला मी हात लावलेला नाही. तो जाणकाराकडेच द्यायचा, कारण अंदाजाने सोडलेलं तेल पसरत शटरच्या पडद्यापर्यंत जातं आणि मग सगळा कॅमेराच उघडावा लागतो.