तीन मडक्यांचं खतपात्र : दहा महिने वापरल्यावर

मागच्या गुढीपाडव्याला घरात तीन मडक्यांचं मातीचं खतपात्र आलं आणि परवा, संक्रांत झाल्यावर, त्यातून सहाव्यांदा खत काढलं. एवढे दिवस मुद्दाम काही लिहिलं नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर "घेऊ नका" म्हणाले असते, चौथ्या महिन्यात नुसतं कौतुक केलं असतं. मध्ये कोल्हापूरचा एक पावसाळा जावा लागतो, तेव्हा वस्तू खरी कशी आहे ते कळतं.

आम्ही मंगळवार पेठेत राहतो. माणसं पाच, अंगण नाही, वर पत्र्याखालची अर्धी गच्ची. खतपात्र मागवण्याआधी पंधरा दिवस ओला कचरा काट्यावर तोलून वहीत लिहिला होता. रोजचा साधारण एक किलो भरला, पाहुणे असले की दीड. हे तोलणं सगळ्यांनी आधी करावं, कारण त्यावरच मडक्याचं माप ठरतं. आमची मडकी पंचवीस लिटरची आहेत, एकावर एक बसणारी, अंगाला भोकं, वर झाकण. वरचं भरलं की ते खाली सरकवायचं आणि खालचं रिकामं करून वर घ्यायचं. एक भरायला तीस ते पस्तीस दिवस लागतात.

संच ऑनलाइन मागवला आणि मधलं मडकं तडकलेलं आलं. बदलून मिळण्यासाठी तीन आठवडे फोन केले, शेवटी नाद सोडला आणि चांगलं मडकं माप म्हणून घेऊन शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गेले. तिथं ओळखीच्या कुंभारांनी नवीन घडवून दिलं, काठ जाड, भोकं जरा मोठी. आज तिन्हींत तेच सगळ्यात चांगलं चालतं. मोठ्या भोकांनी हवा नीट खेळते आणि जाड काठ सरकवणं-उचलणं सोसतो. पुन्हा घ्यायचं झालं तर तिन्ही त्यांच्याकडूनच करून घेईन.

आता पहिल्या महिन्याबद्दल. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, कचरा टाका आणि वर दोन चमचे कुजवण्याची पावडर भुरभुरा. मी तेवढंच केलं. वीस दिवसांत तळाशी काळं पाणी साचलं, नासक्या अंड्यासारखा वास सुटला आणि अळ्या झाल्या. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्या गच्चीवर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, वाळवणाचं दिस आलं आन् वर ह्यो वास! सांडगं कुठं घालू आता?" त्यांचं बरोबरच होतं. सगळं उपसून बागेत खड्डा असलेल्या एका मैत्रिणीकडे पुरून आले.

उपायही आत्यांनीच सांगितला. त्यांचं माहेर कागल तालुक्यातलं, गोठ्याचं घर. म्हणाल्या, "उकिरड्यात शेणासंगं वैरणीचं चघळ पडतंय, म्हणून त्यो नासत न्हाई. तू नुसतं ओलं कोंबतीस." पुस्तकात हेच कर्ब (कार्बन) आणि नत्राचं (नायट्रोजन) प्रमाण म्हणून येतं. खत नीट व्हायला नत्राच्या एका भागाला कर्बाचे पंचवीस ते तीस भाग लागतात. भाजीची देठं, सालं, उरलेली पोळी यांत नत्र आणि पाणी जास्त. वाळलेला पाला, भुसा, टरफलं यांत कर्ब जास्त, शिवाय त्यांच्यामुळे आत हवेला वाट राहते. हवा संपली की कचरा कुजत नाही, सडतो, आणि वास त्याचाच असतो. तेव्हापासून आमचा नियम एकच: एक भांडं ओलं, तर तेवढंच भांडं कोरडं. वास त्या आठवड्यातच गेला.

म्हणून माझा सगळा अनुभव एका प्रश्नावर येऊन थांबतो, तुमच्याकडे कोरडं कुठून येणार? मडकं कुठलंही चालेल. कोरड्याची सोय नसेल तर महागातलं पात्रही बंद पडेल.

आपल्या गावात ही सोय सोपी आहे. शेंगांची टरफलं घरातच निघतात, पण ती तशीच टाकली तर महिनोन्महिने दिसत राहतात, पायाखाली चुरून टाकावीत. रसवंतीवरचा उसाचा चोथा मागितला की मिळतो. मात्र तो दोन दिवस कडक उन्हात वाळवायचा, नाहीतर गोडीला मुंग्या आणि चिलटं येतात. वाळला की कात्रीनं बोटभर तुकडे करायचे. लाकडाच्या वखारीतला भुसा पाणी सगळ्यात चांगला शोषतो, पण कुजतो सावकाश, म्हणून एकटा न वापरता पाल्यात मिसळून घालते. प्लायवूड कापलेला भुसा घेऊ नये, त्यात डिंकाची रसायनं असतात. नारळाची शेंडी विंचरून तळाला घातली की भोकं बुजत नाहीत.

विकतची पावडर मी मे महिन्यात बंद केली. आंबट ताकात गुळाचा खडा विरघळवून आठवड्यातून एकदा शिंपडते, आणि नवं मडकं सुरू करताना जुन्या खताची दोन ओंजळी घालते. फरक काही पडला नाही, महिन्याचा खर्च वाचला.

पावसाळ्यात मात्र घामटं निघालं. जुलैत हवाच इतकी ओली की मडकी बाहेरून पाझरत होती. उन्हाळ्यात भरल्यापासून खत व्हायला जेवढे दिवस लागले, त्याहून पंधरा-वीस दिवस जास्त गेले. मूठभर खत दाबून बघायचं: बोटांतून पाणी टिपकलं तर कोरडं वाढवायचं, मूठ उघडताच सगळं भुरभुर सांडलं तर पाणी शिंपडायचं. जाड करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नये. त्या काळ्या सैनिकी माशीच्या असतात, कचरा झपाट्यानं खातात आणि माणसाला त्रास देत नाहीत. आमच्या आत्या अजूनही त्या बघत नाहीत, तेवढं काम माझ्याकडे.

तांबडा-पांढरा रस्सा झाला की हाडं उरतात, ती यात घालत नाही. मासळीही नाही. घुशी आणि मांजरं येतात. चहाचा चोथा दुधासाखरेचा असतो, म्हणून धुऊन. अंड्याची टरफलं कुटून. आंब्याच्या कोयी घातल्या आणि त्यातल्या दोन चक्क उगवल्या, त्या आता वेगळ्या कुंडीत आहेत. देवघरातलं निर्माल्य पूर्वी पंचगंगेच्या घाटावरच्या कुंडात नेऊन टाकायचो, आता दोरा आणि जरी काढून, वाळवून याच मडक्यात जातं. गणपतीची शाडूची मूर्ती घरीच बादलीत विरघळवली. ती माती खतात घालू नये, चिकट गोळा होऊन हवा अडते. कुंड्यांत मिसळली.

ज्याची मी अपेक्षा केली नव्हती तो फायदा सुक्या कचऱ्यात झाला. शहराचा कचरा कसबा बावड्याच्या झूम कचरा प्रकल्पावर जातो आणि २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक असे तीन भाग घरातच करायला सांगितलं होतं. हे माहीत असूनही आमच्याकडे होत नव्हतं, कारण सगळ्याला आमटी लागलेली असायची. ओलं गच्चीवर जायला लागलं आणि बाकीचं आपोआप स्वच्छ राहिलं. गोकुळच्या दुधाच्या पिशव्या आता कोपरा तोडून वेगळा न काढता अर्धवट कापते, धुते, दोरीवर वाळवते. तो तुटलेला चिमुकला तुकडाच गटारात जातो आणि कुणाच्या हाती लागत नाही. अशा पिशव्या, पुठ्ठा, बाटल्या भंगारवाले खुशीनं नेतात. वेफर्सची चकचकीत पाकिटं नेत नाहीत, त्यांत प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकत्र चिकटलेले असतात. म्हणून चिवडा-फरसाण आता घरचा डबा नेऊन सुटं आणतो. जुन्या सुती साड्यांच्या वाकळी आत्या शिवतात. ट्यूब आणि सीएफएल बल्ब न फोडता पुठ्ठ्यात गुंडाळून वेगळे देते, आत पारा असतो. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दुकानदारानं घेतली आणि नवीच्या किमतीतून पैसे वजा केले.

टिपर, म्हणजे कचरागाडी, आला की आता आमच्याकडून दोन दिवसांनी एक छोटी पिशवी जाते. पूर्वी रोज एक गच्च बादली जायची.

दहा महिन्यांत चाळीस किलोच्या आसपास खत निघालं. चाळून पंधरा दिवस सावलीत ठेवून मग वापरलं. कढीपत्त्याला नवी पालवी फुटली, शेजारच्या काकूंनी जास्वंदीसाठी डबाभर नेलं. आता मे महिन्यात चार पोती कोरडं भरून ठेवायचंय, आणि कुंभारांना चौथं मडकं सांगितलंय. पावसाळ्यात खालच्या मडक्याला जे जादा दिवस लागतात, तेवढ्यात रोजचा कचरा या चौथ्यात टाकता येईल.