बुर्ग एल्त्स: तीन भावांच्या वाटणीचा किल्ला, ४० मिनिटांत

जर्मनीत मोझेल नदीच्या खोऱ्यात, कोब्लेन्त्सपासून साधारण ३० किलोमीटरवर, जंगलाच्या पोटात हा किल्ला उभा आहे. खाली एल्त्सबाख नावाचा ओढा, तीन बाजूंनी त्याचा वळसा, मधोमध ७० मीटर उंचीचा खडक आणि खडकाच्या माथ्यावर एकमेकांना चिकटलेली उंच घरं. अंगणापर्यंत कुणीही जाऊ शकतं, पण घरांच्या आत शिरायचं तर गाइडच्या मागूनच. ही फेरी ३५ ते ४० मिनिटांची असते. तिकीट पंधरा युरोच्या आसपास. त्यातच खालच्या तळघरांतलं खजिन्याचं दालनही येतं. पैसे वसूल होतात का? होतात, आणि वर उरतात. मात्र आत जाण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी, नाहीतर ४० मिनिटं पलंग, चिलखतं आणि तसबिरी मोजण्यात जातात.

ती गोष्ट म्हणजे वाटणी. ११५७ सालच्या एका दानपत्रावर साक्षीदार म्हणून रुडोल्फ फॉन एल्त्सचं नाव येतं, तेव्हापासून किल्ला याच घराण्याकडे आहे. १२६८ मध्ये एलियास, विल्हेल्म आणि थिओडोरिख या तीन भावांनी वाटणी केली. जमिनी वाटल्या, किल्लाही वाटला, पण कुणी किल्ला सोडून गेलं नाही. पुढे या शाखांना केम्पेनिख, र्‍युबेनाख आणि रोडेनडॉर्फ अशी नावं पडली. प्रत्येक शाखेने त्याच खडकावर आपापलं घर चढवत नेलं. खडक अरुंद, आडवी जागा मिळेना, म्हणून घरं उभी वाढली. काही ३० ते ४० मीटर उंच आहेत. दरवाजा एक, चौक एक, तटबंदी एक, चुली मात्र वेगळ्या. आपल्याकडच्या सामाईक वाड्यात जो वाढला आहे त्याला हा नकाशा समजावून सांगावा लागत नाही. कुणाची तुळई कुणाच्या भिंतीत शिरली आहे, कुणाचा सज्जा चौकावर किती पुढे आला आहे, हे बघत राहिलं की चौकातच अर्धा इतिहास दिसतो. र्‍युबेनाखांचं घर १४७२ मध्ये पुरं झालं, रोडेनडॉर्फांची घरं साधारण १४९० ते १५४० च्या दरम्यान, आणि केम्पेनिखांचं बांधकाम सतराव्या शतकापर्यंत रेंगाळलं. मधला जुना चौकोनी बुरूज, प्लाट-एल्त्स, या सगळ्यांच्या आधीचा आहे. म्हणून फेरीला निदान १५ मिनिटं असताना चौकात उभं राहावं आणि मान वर करून चारी बाजू बघून घ्याव्यात. फेरी सुरू झाली की गाइड आत नेतो, मग बाहेरून बघायला वेळ राहत नाही.

फेरीची सुरुवात शस्त्रागारात होते. इथे भाले, तलवारी, ढाली भिंतीवर आहेतच, पण शोधायच्या त्या तोफेतून उडवायच्या जाड बाणासारख्या सळया. १३३१ ते १३३६ या काळात ट्रियरचा आर्चबिशप बाल्डुइन आणि एल्त्स व शेजारचे काही सरदार यांच्यात मोठं भांडण पेटलं. बाल्डुइनने समोरच्या चढावर ट्रुत्स-एल्त्स नावाची छोटी गढी बांधली आणि तिथून दगडी गोळ्यांचा मारा केला. बंदुकीच्या दारूवर चालणाऱ्या हत्याराचा युरोपातला अगदी सुरुवातीचा वापर याच भांडणातला मानतात. घराण्याला अखेर तह करावा लागला, पण किल्ला पाडला गेला नाही. त्यानंतर १६८९ च्या सुमारास फ्रेंच सैन्याने ऱ्हाईन आणि मोझेलकाठचे किल्ले एकामागून एक उद्ध्वस्त केले, तेव्हाही हा वाचला, कारण घराण्यातला हान्स आन्टोन फ्रेंच सैन्यात वरच्या हुद्द्यावर होता. आज त्या भागातले बहुतेक किल्ले एकतर भग्नावशेष आहेत किंवा एकोणिसाव्या शतकात नव्याने उभारलेले. इथली भिंत मुळातली आहे, हे फार मोठं आहे.

मग र्‍युबेनाखांचं खालचं दालन. जाड ओकच्या तुळया, भिंतीतली मोठी शेकोटी, लाकडी फळ्यांवर रंगवलेली जुनी चित्रं. त्यात लुकास क्रानाख थोरला या सोळाव्या शतकातल्या जर्मन चित्रकाराचं, हातात द्राक्षं असलेल्या बाळासह मेरीचं चित्र आहे. गाइड शेकोटीबद्दल बोलत असतो तेव्हा सगळा घोळका तिकडे वळतो. नेमकी तीच वेळ चित्राजवळ जायची.

वरचं दालन म्हणजे झोपायची खोली, आणि माझ्या मते फेरीतली सर्वांत मोलाची जागा. उंचावर चढवलेला, छत आणि पडदे असलेला पलंग आहे. त्या उंचीला कारण आहे: थंडीत जमिनीलगतची हवा बोचरी असते आणि ऊब वर जमते, पडद्यांनी ती पलंगाभोवती धरून ठेवता येते. भिंतींवर वेली, फुलं, पक्षी रंगवलेले आहेत. खोलीच्या बाहेरच्या अंगाला भिंतीतून पुढे काढलेल्या सज्जात छोटं प्रार्थनास्थळ आहे. देवाच्या डोक्यावर कुणी राहू नये, म्हणून ते घराच्या मुख्य भिंतीबाहेर काढलं, असं कारण सांगतात. देवघरावर माडी चढवू नये असं मानणाऱ्या माणसाला ते लगेच पटतं. त्याच मजल्यावर भिंतीत शौचकूप आहे. पूर्ण किल्ल्यात अशी सुमारे वीस होती. मध्ययुगातल्या किल्ल्याला ही संख्या मोठी वाटते, पण तीन कुटुंबं, त्यांचे नोकरचाकर आणि सगळे मिळून शंभराच्या आसपास माणसं इथे राहत होती, हे लक्षात घेतलं की हिशेब जुळतो. या खोलीत घोळक्याच्या शेवटी राहू नका. खोली लहान आहे, दारापाशी अडकलात तर पुढच्या डोक्यांखेरीज काही दिसत नाही. जिना चढताना गाइडच्या पाठोपाठ दुसरे-तिसरे राहा.

इथून फेरी रोडेनडॉर्फांच्या घरात जाते. इलेक्टरच्या, म्हणजे सम्राट निवडण्याचा अधिकार असलेल्या सत्ताधीशाच्या, नावाची खोली लागते. या घराण्याने ट्रियरला याकोब आणि माइन्झला फिलिप कार्ल असे दोन इलेक्टर दिले. ही खोली चटकन उरकली तरी चालेल. पुढचं सभागृह मात्र रेंगाळण्यासारखं आहे. किल्ल्यातली ही सर्वांत मोठी खोली, तिन्ही शाखांचे लोक सामाईक प्रश्नांसाठी इथे बसत. वर भिंतीवर विदूषकांचे मुखवटे आहेत: इथे मनातलं मोकळं बोलायला मुभा आहे. दाराच्या वर गुलाब कोरलेला आहे: इथे बोललेलं या दाराबाहेर जायचं नाही. सामाईक दुरुस्तीचा खर्च कोण किती देणार, दरवाजावर कोणाचा माणूस बसणार, असल्या प्रश्नांवर शेकडो वर्षं एकत्र बसायचं तर हे दोन नियम लागतातच. भाऊबंदकीवर शोधलेला इतका नीट उपाय दगडात कोरलेला दुसरीकडे सापडणं कठीण. गाइडने मुखवटे दाखवले आणि गुलाब विसरला, तर बाहेर पडताना स्वतःच वर बघा.

पुढे निशाणांच्या दालनात छताच्या दगडी फासळ्या ताऱ्यासारख्या एकमेकींत गुंफलेल्या आहेत. शेवटी स्वयंपाकघर, पंधराव्या शतकातलं, रोडेनडॉर्फांचं. शेगडी, भाकरीची भट्टी, पिठाची पेटी, मांस तोडायचा ओंडका, छताला टांगलेले आकडे. उंदरांपासून आणि ओलीपासून अन्न वाचवायचं तर ते टांगूनच ठेवावं लागे. इथे गाइडचं लक्ष पुढच्या गटाच्या वेळेकडे असतं आणि दोन-तीन मिनिटांत बाहेर काढतात. फेरीचं खरं उणं हेच: दहाएक खोल्या आणि ४० मिनिटं, म्हणजे खोलीमागे सरासरी चार मिनिटं, त्यात चालणं आणि जिनेही आले. पहिल्या दोन दालनांत निम्मा वेळ जातो आणि चुलीपाशी येईपर्यंत घड्याळ संपतं. प्रश्न विचारायचा असेल तर स्वयंपाकघराची वाट पाहू नका, सभागृहातच विचारा.

केम्पेनिखांचा भाग फेरीत नाही. रोडेनडॉर्फ शाखा अठराव्या शतकात संपली आणि १८१५ मध्ये केम्पेनिख शाखेने र्‍युबेनाखांचा हिस्सा विकत घेतला. तेव्हापासून सगळा किल्ला त्यांच्याकडे आहे आणि तो भाग घराण्याने स्वतःसाठी राखला आहे.

आत फोटो काढायला मनाई आहे, हे आधीच कळलेलं बरं. वाद घालू नका. हात मोकळे राहिले तर जास्त दिसतं. जिने अरुंद आणि पायऱ्या झिजलेल्या आहेत. बाबागाडी आत नेता येत नाही, लहान बाळ असेल तर पोटाला बांधायची झोळी आणा. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांनी चौक आणि बाहेरचा देखावा यांवरच समाधान मानावं लागतं; आतल्या फेरीत पायऱ्या टळत नाहीत.

फेरी संपल्यावर बरेच जण थेट उपाहारगृहाकडे वळतात आणि खजिना राहून जातो. तो गाइडशिवाय, आपल्या गतीने बघायचा आहे. पाचशेहून जास्त वस्तू आहेत, किमान अर्धा तास द्या. सोन्याचा मुलामा दिलेली, हरणावर बसलेली डायना, म्हणजे रोमन शिकारदेवता, नक्की शोधा. ऑग्सबुर्गच्या सोनाराने इसवी सन १६०० च्या सुमारास घडवलेलं हे मद्याचं पात्र आहे. आत चावीचं यंत्र आणि खाली चाकं आहेत. ते मेजावर सोडायचे आणि ज्याच्यापुढे थांबेल त्याने प्यायचं. उपाहारगृहं दोन आहेत, दोन्हीकडे ताट आपणच उचलून आणायचं. शाकाहारींनी सूप घेताना त्यात सॉसेज किंवा मांस आहे का हे विचारावं. बटाट्याच्या सूपमध्येही ते असू शकतं.

आता पोचायचं कसं. किल्ला १ एप्रिल ते १ नोव्हेंबर एवढाच उघडा असतो. डिसेंबरात जर्मनीला येऊन ख्रिसमसचे बाजार आणि हा किल्ला असा बेत आखणारे हमखास फसतात. सकाळी साडेनऊला उघडतो. त्याच वेळी पोचलात तर रांग नसते. अकरा ते तीनमध्ये गर्दी चढते, त्यातही ऑक्टोबरच्या सुट्ट्यांत आणि उन्हाळी शनिवार-रविवारी. जर्मन फेऱ्या वरचेवर सुटतात, इंग्रजी त्यापेक्षा कमी, म्हणून तिकीट घेतानाच पुढची इंग्रजी फेरी किती वाजता आहे ते विचारा आणि मधल्या वेळात खजिना उरकून घ्या. थोडी रोख रक्कम जवळ ठेवा, पार्किंग आणि बस या दोन्हीसाठी लागते.

गाडीने येणाऱ्यांनी नकाशात विअरशेम गावाजवळचं किल्ल्याचं वरचं पार्किंग निवडावं. तिथून जंगलातली पायवाट १.३ किलोमीटर, सुमारे १५ मिनिटं. डांबरी रस्ता ८०० मीटर, १० मिनिटं. जाताना उतार, येताना तेवढाच चढ. पाऊस पडून गेला असेल तर पायवाटेवर चिखल असतो, डांबरी रस्ता घ्या. छोटी बसही आहे, दोन युरोच्या आसपास. वयस्कर आईवडील बरोबर असतील तर जाताना चालत आणि परतताना बसने, हे गणित बरं पडतं.

रेल्वेने मोझेलकेर्न स्टेशनवर उतरायचं. कोब्लेन्त्स-ट्रियर मार्गावरची जलद गाडी तिथे थांबत नाही, सगळीकडे थांबणारी आरबी ८१ पकडावी लागते. डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभरच्या स्थानिक गाड्यांचा मासिक पास, तिच्यात चालतं. स्टेशनपासून किल्ला पाच किलोमीटर. गावातून रिंगेलश्टाइनर म्यूले या जुन्या गिरणीपर्यंत साधा रस्ता, पुढे ओढ्याच्या काठाने झाडीतून वाट, एकूण सव्वा ते दीड तास. सह्याद्रीतल्या गडांची सवय असणाऱ्याला चढ असा काही वाटणार नाही, शेवटच्या टप्प्यात मुळं आणि ओले दगड आहेत एवढंच, म्हणून चांगल्या पकडीचे बूट हवेत. या वाटेने आलात तर किल्ला शेवटपर्यंत दिसत नाही, आणि वळणावर एकदम डोक्यावर उभा राहतो.

फोटोसाठी बहुतेक लोक दरवाजाकडे जाणाऱ्या पुलाआधीच्या वळणावर थांबतात, तिथे धक्काबुक्की होते. त्याऐवजी समोरच्या चढावर ट्रुत्स-एल्त्सच्या पडक्या भिंतींपर्यंत थोडं चढून जा. बाल्डुइनच्या माणसांनी गोळे फेकण्यासाठी निवडलेली जागा ती; तिथून तिन्ही घरांची छपरं वेगवेगळी ओळखू येतात.